अकरावा नियम

बेन्सन, अ‍ॅरिझोना. ऑफिसच्या खिडकीतून
व्हर्ना हॅस्केल चष्मा कपाळावर सारून
नियमांचा कागद पुढे करते.
दहा छापलेले. अकरावा हातानं लिहिलेला,
पेन इतकं दाबून
की मागच्या बाजूनं बोटाला लागतो.

दहा वर्षांहून जुनी गाडी आम्ही घेत नाही, हा पहिलाच.
आमचा कॅम्पर बावीस वर्षांचा.
ती बाहेर येते, प्रदक्षिणा घालते,
छपराच्या कडेचं सिलिकॉन अंगठ्यानं दाबून बघते
(मीच भरलंय, शिडीवर चढून, भर जूनमध्ये),
मग हेरंबकडे वळते : आणि हे कुठल्या सालचे?
"त्रेपन्नचे," तो म्हणतो, "रंग मूळचाच."
व्हर्ना हसते. सतरा नंबरची जागा देते.
"अकरावा मात्र वाचा."

कॅम्पर ट्रकवरून उतरवायचा नाही.
चार पायांवर उभा करून
ट्रक घेऊन कुठं जायचं नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आई म्हणायची,
बाबांच्या बदलीचा कागद आला की.
इथं विंचू खरोखरचा आहे,
सकाळी चपला झटकून घालते मी.
त्याच्या पाठीवर पिल्लं असतात म्हणे,
कुकर नसतो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे पाच.
टॉर्च दातात धरून मी पाण्याची नळी काढते,
विजेची वायर गुंडाळते,
किटली सिंकमध्ये, बाळकृष्ण टॉवेलमध्ये,
गादीखालचे रिपोर्ट गादीखालीच.
बाकीचे शेजारी कार घेऊन दुधाला जातात.
आम्ही दुधाला जातो तेव्हा
संडासही बरोबर येतो.

रात्री दहा ते सकाळी सात शांतता, हा सहावा.
मालगाडीला तो कुणी वाचून दाखवलेला नाही.
आमच्या डिझेल इंजिनाचं काय, मी विचारलं
तेव्हा व्हर्ना पावतीपुस्तकात बघत म्हणाली,
त्या वेळी मी कानातलं यंत्र काढून ठेवते.

टूसॉनला चार तास.
तो आत, यंत्राला जोडलेला,
मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये
स्वतःच्या ओट्यापाशी.
आमटीला फोडणी दिली
तर गार्ड काच वाजवून आला.
नाक वर करून थोडा वेळ उभा राहिला.
इथंही नियम असणार. त्यानं सांगितला नाही.

परत येते तेव्हा सतरा नंबरवर
व्हर्नाचा नारिंगी शंकू असतो,
कुणी जागा घेऊ नये म्हणून.
एकदा तो सरळ करताना
मी न विचारताच म्हणाली :
नऊ नंबर. ऑर्व्हिल म्हणून होता एक.
मार्च महिना. गॅस आणायला ट्रक घेऊन गेला.
बायको आत झोपलेली.
वारा किती होता ते तिनं हातानं दाखवलं,
आडवा हात, मग पालथा.
पुढचं बोलली नाही. ऑफिसकडे गेली.
नऊ नंबरवर आजही
कुंडी ठेवलेली आहे, गाडी नाही.

काल परतीच्या रस्त्यावर
हेरंब खिडकीला डोकं टेकून म्हणाला,
आता मला उतरव कुठंतरी.
चार पायांवर ठेव आणि तू हो पुढे.
पोरीकडे जा. हलकी गाडी, पेट्रोलही कमी लागेल.

मी काही बोलले नाही. सेंट डेव्हिडचा फाटा गेला.
मागं सिंकमध्ये किटली
उजवीकडून डावीकडे गडगडत गेली, परत आली.
मग सतरा नंबरवर ट्रक लावून, ब्रेक ओढून
डॅशबोर्डमधला कागद काढला,
त्याच्या मांडीवर ठेवला.
चष्मा नाही, तो म्हणाला.

मागून हात फिरव, म्हटलं.
बोटाला लागेल.